गंगा दीनचा गणवेश

१९३९ साली हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीने ‘गंगा दीन’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्याच्या शेवटी इंग्रजी पलटण बेसावधपणे डोंगरातल्या खिंडीत शिरते आहे, वरच्या कड्यांवर ठग दबा धरून बसले आहेत आणि तीन इंग्रज सार्जंट देवळात कैद आहेत. त्यांच्याबरोबरचा भिस्ती संगिनीने भोसकला गेला आहे. तरीही तो रखडत रखडत देवळाच्या सोनेरी घुमटावर चढतो आणि बिगूल फुंकतो. पलटण सावध होते, भिस्ती गोळी लागून कोसळतो. लढाई जिंकल्यावर कर्नल त्याला मरणोत्तर कॉर्पोरल करतो, त्याच्या शवाशेजारी किपलिंगची ‘गंगा दीन’ ही कविता वाचली जाते आणि पडद्यावर शेवटचा दिसतो तो गंगा दीनच, अंगभर इंग्रजी गणवेश चढवून सलाम ठोकणारा आणि हसणारा.

पाणी वाहणाऱ्या माणसाला शिपाई व्हायचे होते. जिवंतपणी ते जमले नाही, मेल्यावर साहेबाने ते करून दिले. चित्रपटाचा सारा भावनिक डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

हा चित्रपट आणि त्याच्या जातकुळीतले इतर चित्रपट यांची ओळख मराठी वाचकाला करून देताना शिक्रापूरकडे वळायला एक खास कारण आहे. पुणे-नगर रस्त्यावरच्या या गावाच्या एका अंगाला शिरूर, म्हणजे घोडनदीची जुनी लष्करी छावणी, आणि दुसऱ्या अंगाला भीमा कोरेगाव. देशी माणसाने साहेबाचा गणवेश का चढवला, तो त्याच्या अंगावरून कोणी उतरवला आणि परत मिळवायला काय करावे लागले, याचा खराखुरा इतिहास या पट्ट्याशी जोडलेला आहे. हॉलिवूडने कॅलिफोर्नियाच्या माळावर जी गोष्ट रचली, तिच्याशी हा इतिहास ताडून पाहता येतो.

आधी चित्रपटांबद्दल. सिनेमा बोलू लागला तशी हॉलिवूडला हिंदुस्थानच्या सरहद्दीची गोडी लागली. जॉन फोर्डने १९२९ मध्येच ‘द ब्लॅक वॉच’ हा बोलपट केला. पुढे १९३५ मध्ये पॅरामाउंटचा ‘द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर’ आला, हेन्री हॅथवेचे दिग्दर्शन आणि गॅरी कूपर नायक. १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने मायकेल कर्टिझकडून ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ करून घेतला. १९३७ मध्ये फोर्डने चिमुकल्या शर्ली टेंपलला घेऊन ‘वी विली विंकी’ काढला आणि १९३९ मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सचा ‘गंगा दीन’ आला. इंग्लंडमध्ये कोर्डा बंधू हेच करत होते. त्यांच्या १९३८ च्या ‘द ड्रम’मध्ये म्हैसूरच्या हत्तीखान्यातून थेट पडद्यावर गेलेला साबू होता.

या प्रकाराला आवाजाने मोठा हात दिला. मूकपटात पलटण दिसायची, बोलपटात ती ऐकू येऊ लागली. बिगूल, ढोल, स्कॉटिश पाइप, घोड्यांच्या टापा, दऱ्यांतून घुमणारे बार हे सगळे आता गोष्टीचा भाग झाले. ‘गंगा दीन’मध्ये तर कथेचा निकालच एका आवाजावर लागतो. संगीत आल्फ्रेड न्यूमनचे होते.

खर्चही दणदणीत होता. ‘गंगा दीन’साठी आरकेओने सुमारे एकोणीस लाख डॉलर ओतले. कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळ, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी असलेल्या अलाबामा हिल्सच्या गोल गोल खडकांत देवळे, ठाणी, अख्खे गाव उभे केले गेले. मागचे बर्फाळ शिखर हिमालय म्हणून खपले. ‘बेंगॉल लान्सर’साठी काही दृश्ये खरोखर भारतात जाऊन टिपली होती, पण त्यातले बरेच चित्रीकरण उन्हाने खराब झाले आणि शेवटी त्या चित्रपटालाही याच खडकांचा आसरा घ्यावा लागला. त्या काळच्या पाश्चात्त्य प्रेक्षकाने पाहिलेला ‘खैबर’ बराचसा कॅलिफोर्नियाचाच आहे.

इतिहासाचीही अशीच सरमिसळ होती. ‘लाइट ब्रिगेड’मध्ये कानपूरच्या १८५७ च्या कत्तलीची आठवण करून देणारा प्रसंग आधी घडतो आणि त्याचा सूड म्हणून १८५४ ची क्रिमियातली घोडदौड नंतर होते. कार्यकारणभाव जुळावा म्हणून तीन वर्षे उलटी फिरवली. त्या घोडदौडीच्या चित्रीकरणात जनावरांच्या पायांत तारा अडकवून त्यांना पाडले गेले, अनेक घोडे मेले आणि त्यावरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की पुढे चित्रीकरणातल्या जनावरांसाठी नियम करावे लागले. ‘गंगा दीन’ने ठगांना सरहद्दीवर नेऊन बसवले. वास्तविक स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची ठगांविरुद्धची मोहीम १८३० च्या दशकातली आणि तिचे केंद्र जबलपूरच्या बाजूला, मध्य हिंदुस्थानात.

खोटेपणाची यादी एवढ्यावर संपत नाही, पण ती करत बसण्यात फार अर्थ नाही. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर या कथाकारांनी किपलिंगच्या कवितेत कोणती भर घातली, हे पाहणे जास्त बोधक आहे. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, आणि ही कविता त्याने १८९० मध्ये प्रसिद्ध केली. कवितेतला गंगा दीन शिव्या खात, लाथा खात सैनिकांना पाणी पाजतो आणि जखमी सैनिकाला पाणी पाजून सुरक्षित जागी नेताना गोळी लागून मरतो. शिपाई व्हायचे स्वप्न त्याला नाही. ते स्वप्न हॉलिवूडचे. चित्रपटात तो चोरून कवायत करतो, सार्जंट कटर, म्हणजे कॅरी ग्रँट, त्याला उभे राहायला आणि सलाम करायला शिकवतो आणि हाती लागलेला बिगूल ठेवून घेऊ देतो. कवितेतला शिपाई निदान आपल्या वागण्याची लाज वाटून मेलेल्या भिस्त्यापुढे मान खाली घालतो. चित्रपटाने त्या शरमेच्या जागी बढती आणून ठेवली.

गंगा दीनचे काम सॅम जॅफी या न्यूयॉर्कच्या नटाने अंगाला काळा रंग फासून केले. तेव्हा त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती, तरी चित्रपटभर त्याला पोरासारखे वागवले जाते. ठगांच्या गुरूच्या भूमिकेत एदुआर्दो चानेली. चित्रपटातली सर्वांत ठोस राजकीय भाषा या गुरूच्या तोंडी आहे. आपल्या देशासाठी मरणे त्यालाही कळते, असे तो इंग्रज कैद्यांना सुनावतो आणि सापांच्या खड्ड्यात उडी घेतो. उघडे अंग आणि गुळगुळीत डोके पाहून त्यात गांधीजींचे विडंबन असल्याचे अनेकांच्या नजरेला आले.

मुंबईत हे मुकाट्याने पाहून घेतले गेले नाही. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ लागला तेव्हा शहरात निदर्शने झाली आणि चित्रपट उतरवावा लागला. बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ १९३५ पासून मुंबईतून निघत होते. भारताची नालस्ती करणाऱ्या परदेशी चित्रपटांवर त्यांनी त्यातून हत्यार उपसले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच मासिकात ‘गंगा दीन’वर सडकून टीका केली. अखेर बंगाल आणि मुंबई इलाख्यांत या चित्रपटावर बंदी आली. १९३७ च्या निवडणुकांनंतर मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, त्यामुळे अशा तक्रारी ऐकून घेणारे कान सरकारात होते.

हे मोठे वळण होते. अवघ्या काही वर्षांपूर्वी हाच सेन्सॉर उलट्या दिशेने काम करत होता. प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, नाव ठेवले ‘स्वराज्याचे तोरण’. व्ही. शांताराम स्वतः शिवाजी झाले होते. ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला खुपला आणि तो चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लावावा लागला. मराठी चित्रपटाने किल्ला जिंकला तर कात्री आणि हॉलिवूडच्या लान्सरांनी ठाणे राखले तर टाळ्या, असा तो काळ. या पार्श्वभूमीवर ‘गंगा दीन’वरच्या बंदीकडे नुसती असहिष्णुता म्हणून पाहता येत नाही.

आता नगर रस्त्याकडे.

जून १८१७ च्या पुणे कराराने इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख लिहून घेतला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या देखरेखीखाली एक फौज पोसण्यासाठी. त्यातून जे घोडदळ उभे राहिले ते ‘पूना ऑक्झिलियरी हॉर्स’, पुढचे ‘पूना हॉर्स’. त्याचे ठाणे शिरूरला होते. पेशव्याच्या मुलखाच्या उत्पन्नावर उभे राहिलेले हे घोडेस्वार काही महिन्यांतच पेशव्याविरुद्ध लढले. पुढे १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या लढाईत त्यांनी शत्रूचे निशाण हस्तगत केले, आणि स्वतंत्र भारतातही ही पलटण कायम राहिली. १९६५ चे परमवीर अर्देशीर तारापोर आणि १९७१ चे परमवीर अरुण खेत्रपाल हे याच पूना हॉर्सचे. ‘बेंगॉल लान्सर’ पाहताना शिरूर तालुक्यातल्या माणसाला दूरच्या सरहद्दीची कल्पना करायची गरज नाही. त्या जातीचे घोडदळ त्याच्या तालुक्याच्या गावी तळ देऊन होते.

साहेबाला देव मानणारे देशी लोक हा या चित्रपटांचा आवडता मसाला. तोही शिरूरला नव्हता असे नाही. तिथे पुरलेल्या कर्नल वॉलेसला लोक सत्पुरुष मानून नवस करत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात आहे. म्हणजे हॉलिवूडने सगळेच हवेतून काढले होते असे म्हणता येणार नाही. त्याने निवड केली, आणि निवडीतच गोम आहे.

त्याने न निवडलेली गोष्ट कोरेगावची. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, पूना ऑक्झिलियरी हॉर्सचे दोन-अडीचशे स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे दोन डझन गोरे गोलंदाज. रात्रभर चालून १ जानेवारीच्या सकाळी ते भीमेजवळ पोहोचले, तो समोर पेशव्याची फौज. तिचा आकडा २८,००० च्या आसपास सांगितला जातो. स्टाँटनने कोरेगाव गाठून गावाचा आधार घेतला. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि पायदळाच्या तुकड्या गावात घुसल्या, आणि दिवसभर गल्लीबोळांतून, घराघरांतून झुंज चालली. बाजीराव फुलगावच्या बाजूच्या उंचवट्यावरून पाहत होता.

या लढाईचे इतिहासकार ग्रँट डफने लिहिलेले वर्णन वाचताना पटकथा समोर असल्यासारखे वाटते. एक तोफ हातची जाते. लेफ्टनंट चिझम मारला जातो, त्याचे शिर कापले जाते. पॅटिन्सन नावाचा धिप्पाड अधिकारी जखमी असूनही उठतो आणि तोफ परत घेण्यासाठी तुटून पडतो. काही गोलंदाज शरण जायची भाषा बोलतात, तेव्हा स्टाँटन त्यांना चिझमचे शिरविरहित धड दाखवून काय वाट्याला येईल ते समजावतो. रात्रभराची चाल, नंतर दिवसभर ना अन्न ना पाणी. नदी जवळ असूनही तहानेने माणसे वेडीपिशी झाली होती; पाणी हाती लागले ते दिवस मावळताना. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. कंपनीच्या ८३४ माणसांपैकी २७५ मृत, जखमी किंवा बेपत्ता होते. पेशव्याची हानी पाच-सहाशेची सांगतात.

वेढलेली मूठभर माणसे, अफाट शत्रू, न डगमगणारा अधिकारी: हॉलिवूडचा सगळा साचा इथे आहे. फक्त शेवट वेगळा. स्टाँटन पुण्याला पोहोचलाच नाही. २ जानेवारीच्या रात्री जखमींना घेऊन तो आल्या वाटेने परत फिरला आणि ३ तारखेला सकाळी शिरूरला पोहोचला. पेशव्याची फौजही मागून येणाऱ्या कंपनीच्या जनरल स्मिथच्या धास्तीने निघून गेली होती. हा विजय होता की बरोबरी, यावर इतिहासकारांचे वाद अजून चालू आहेत. कंपनीने मात्र तो विजय ठरवला आणि १८२१ मध्ये नदीपलीकडे पेरणे हद्दीत स्तंभाची पायाभरणी केली.

या स्तंभावर इंग्रजी आणि मराठी लेख आहेत, आणि मेलेल्या देशी शिपायांची नावे आहेत. एकूण ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते, त्यावरून ती महार शिपायांची असल्याचे ओळखू येते. त्यांच्या जोडीला मराठे आहेत, मुसलमान आहेत. कंपनीने हा स्तंभ आपल्या कीर्तीसाठी उभारला होता, पण नावे कोरताना एक गोष्ट तिच्याकडून लेखी देऊन झाली: ही माणसे पगारी शिपाई होती, कवायत शिकलेली होती, बंदूक चालवणारी होती, आणि लढाई त्यांनी लढवली होती. पुढे हा लेखी पुरावा कामाला आला.

१८५७ नंतर सैन्यभरतीत ‘लढाऊ जमाती’ आणि बाकीचे अशी वर्गवारी रुजत गेली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना तिने जोर धरला. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांचे आजे-पणजे कोरेगावला कामी आले, त्यांना आता फौजेचे दार बंद. रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे जाण्यासाठी अर्जाचा मसुदा तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज पोहोचवला. पूर्वजांनी केलेली नोकरी, मिळवलेली पदे, गाजवलेल्या लढाया हा त्यांच्या मागणीचा आधार होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांत तीही मोडली.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. त्यांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार, त्यामुळे भरतीबंदीची झळ त्यांच्या घरालाही ठाऊक होती. पुढे १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

‘गंगा दीन’ अमेरिकेत झळकला तो १९३९ च्या सुरुवातीला, म्हणजे भरतीबंदी चालू असतानाच. पडद्यावर साहेब मेलेल्या भिस्त्याला गणवेश चढवत होता, आणि इथे जिवंत माणसांची मागणी चार दशकांहून जास्त काळ ताटकळत होती. चित्रपटातला देशी माणूस शिपाईपण मागतो ते लाजत, लपत, एखाद्या दयाळू सार्जंटपाशी. कांबळे आणि वलंगकर ते मागत होते सहीनिशी, दाखल्यांनिशी, हक्काने. या प्रकारच्या चित्रपटांत ‘एकनिष्ठ नोकर’ आणि ‘माथेफिरू शत्रू’ अशा दोनच देशी भूमिका असतात. पगार, पेन्शन, मान आणि नागरिकत्व यांचा हिशेब मांडून सरकारशी भांडणारा माजी हवालदार त्यांच्यात बसूच शकत नव्हता.

कोरेगावचा अर्थ एकच एक राहिलेला नाही. पेशवाईच्या अस्ताशी, जातीच्या छळाशी, इंग्रजांच्या डावपेचांशी तो वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा जोडला. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला २०० वर्षे होत असताना, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, आणि या गावांची नावे देशभर पोहोचली. सोमनाथ वाघमारे यांनी त्याआधी, २०१७ मध्ये, ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव’ हा माहितीपट केला होता. स्तंभापाशी दरवर्षी जमणारी माणसे स्वतः काय सांगतात, ते त्यात आहे. लान्सरपटांशेजारी तो पाहण्याजोगा आहे.

मग ‘गंगा दीन’ का पाहावा? कारण तो रंगतदार आहे, आणि हीच खरी अडचण आहे. कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅकलाग्लेन आणि डग्लस फेअरबँक्स धाकटा या त्रिकुटाची दंगामस्ती, झुलत्या पुलावरची हत्तीण, जोसेफ ऑगस्टचा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला कॅमेरा यांची जादू आजही ओसरलेली नाही. बेर्टोल्ट ब्रेख्तसारख्या मार्क्सवादी नाटककारानेही कबूल केले आहे की, हा चित्रपट भारतीयांचे विकृत चित्र रंगवतो हे पक्के ठाऊक असताना तो पाहताना आपण हसलो, हेलावलो आणि टाळ्या वाजवल्या. अमेरिकेने १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जागा दिली. १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये त्याची छाया इतकी गडद आहे की देऊळ, बळी आणि शेवटी धावून येणारी पलटण हे सगळे तिथे पुन्हा भेटते. भारत सरकारने परवानगी नाकारल्यावर त्याचे बाह्यचित्रीकरण बरेचसे श्रीलंकेत झाले.

नव्या प्रेक्षकाने हा चित्रपट पाहताना तीन जागी थांबून पाहावे. पहिली, गंगा दीन एकटाच कवायत करतो ते दृश्य: त्यात कॅमेरा कोणाच्या बाजूने हसतो आहे? दुसरी, गुरूचे भाषण: लेखकांनी इतके चोख वाक्य शत्रूच्या तोंडी घालून लगेच साप का सोडले? आणि तिसरी, मोठ्या लढाईतल्या पलटणींच्या रांगा. त्यात पाइप वाजवणारे हायलँडर आहेत, घोडदळ आहे, तोफा आहेत. देशी शिपाईही आहेत, फेटे बांधलेले, गोळ्या झाडणारे, पडणारे. चित्रपटाने त्यांच्यापैकी कितीजणांना नाव दिले आहे, ते मोजून पाहावे.